अनंताचा शेरा

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकाने मला सांगितले, की १८७७ साली दख्खनमधील एका बाजारपेठेत ज्वारीचा सरासरी भाव अनंत होता. वर्ष दुष्काळाचे होते, भाव कडाडलेले होते, हे सारे खरे. पण अनंत?

प्रबंधासाठी मी त्या पेठेच्या पंधरवड्याच्या भावनोंदी संगणकावर उतरवून घेत होते. एकोणिसाव्या शतकातील अशा नोंदींत धान्याचा भाव ‘शेराला इतके रुपये’ असा नसून ‘रुपयाला इतके शेर’ असा लिहिलेला असतो. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी महागाई मोठी. आजच्या वाचकाच्या डोळ्यांना हे उलटे वाटते, म्हणून मी प्रत्येक आकड्याने १ ला भागून रुपयांतला भाव काढला. चोवीस पंधरवड्यांपैकी तीन ठिकाणी मी शून्य लिहून ठेवले होते. एक भागिले शून्य.

भागाकार अडला नाही. पायथन या भाषेत साधा भागाकार केला असता तर ती भाषा तिथेच थांबली असती आणि शून्याने भागल्याचा दोष तिने माझ्या पदरात घातला असता. पण तक्त्यांसाठी मी पांडाज नावाचे साधन वापरत होते, आणि ते थांबत नाही. त्याने त्या तीन घरांत निमूटपणे ‘इन्फ’ असे लिहिले आणि पुढचे काम सुरू ठेवले. सरासरी काढताना ते रिकामी घरे वगळते. ‘इन्फ’ मात्र वगळत नाही, कारण त्याच्या लेखी ते घर रिकामे नाही. एकवीस खऱ्या भावांत तीन अनंते मिसळली आणि सरासरीही अनंत झाली.

शून्याने भागता येत नाही, असे आपण शाळेत शिकलो. मग यंत्राला हे उत्तर देण्याची मुभा कोणी दिली? आणि दिलीच, तर ते मला कळवण्याची जबाबदारी कोणाची होती? मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, संगणकशास्त्राची नव्हे. परंतु हे दोन्ही प्रश्न मला इतिहासाचेच वाटतात. त्यांच्या उत्तरांत माणसे आहेत, साले आहेत, आणि चांगली दहा-पंधरा वर्षे चाललेली भांडणे आहेत.

आधी ते अनंत यंत्रात कसे असते ते पाहू. आज बहुतेक सर्व संगणक दशांश संख्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ पद्धतीने साठवतात. कल्पना आपल्या ओळखीची आहे. खूप मोठी संख्या आपण जशी ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात अशी लिहितो, तशीच. फक्त पाया १० ऐवजी २. नेहमीच्या ६४ बिटांच्या संख्येत एक बिट चिन्हाचा, ११ बिट घातांकाचे आणि ५२ बिट अंकांचे असतात. हिच्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे १.७९७ गुणिले १० चा ३०८ वा घात इतकी आहे. घातांकाचे अकराही बिट १ असले आणि अंकांचे सगळे बिट ० असले, तर ती संख्या मानायची नाही. तो अनंताचा संकेत. घातांक तसाच, पण अंकांत एखादा जरी १ असला, तर तो ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’ असा संकेत. शून्य भागिले शून्य किंवा अनंत वजा अनंत केले की नॅन मिळतो.

तेव्हा यंत्रातले अनंत ही राशी नसून तो एक शेरा आहे. जुन्या दफ्तरांत आकड्यांच्या रकान्यांशेजारी शेऱ्याचा रकाना असे. इथे मात्र आकड्यासाठी एकच घर आहे आणि शेराही त्याच घरात लिहावा लागतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

शून्याने भागल्यावर उरते ते काय, हा प्रश्न अर्थातच यंत्रांहून कितीतरी जुना आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याचा विचार केला. शून्याला शून्याने भागले तर शून्य, असे त्याने ठरवून टाकले. भास्कराचार्य ११५० च्या सुमारास बीजगणितात पुढे गेले. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी ‘खहर’ हे नाव दिले आणि तिचा गुणधर्म सांगितला: तिच्यात काही मिळवा वा तिच्यातून काही काढा, ती बदलत नाही, प्रलयकाळी भूतमात्रे अच्युतात विलीन होवोत वा सृष्टिकाळी त्याच्यातून बाहेर पडोत, अच्युत जसाच्या तसा राहतो, तशी. आजच्या संगणकाचा नियमही तोच आहे: अनंतात कोणतीही सान्त संख्या मिळवली तरी अनंतच.

इथे थांबून एक खुलासा करते. भास्कराचार्यांनी संगणकाचे प्रमाण आधीच लिहून ठेवले होते, असा दावा मी करत नाही. असे दावे करणारे धागे समाजमाध्यमांवर पुरेसे आहेत. भास्कराचार्यांचा दुसरा नियम, की एखाद्या राशीला शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागले तर मूळ राशी परत मिळते, आजचा कोणताही संगणक मानत नाही. तो नॅन देतो. पण शून्यभागाकाराला ‘अशक्य’ म्हणून बाजूला न सारता त्याला नाव द्यावे आणि त्याच्यासह गणित पुढे न्यावे, ही वृत्ती जुनी आहे, एवढे नक्की. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्या मठाला मिळालेल्या दानांचा तपशील लेखाच्या अखेरीस जुन्या मराठीत कोरलेला आहे. खहराची चर्चा जिथे पिढ्यान्‌पिढ्या चालावी अशी अपेक्षा होती, ते ठिकाण आपल्या जळगाव जिल्ह्यात आहे, हे सांगितल्यावाचून राहवले नाही.

युरोपात अनंताचे आडवे आठासारखे चिन्ह जॉन वॉलिस याने १६५५ साली प्रथम वापरले. वॉलिसची एक गंमत पुढे उपयोगी पडणार आहे. भाजक लहान होत गेला की भागाकार वाढत जातो, शून्याशी तो अनंत होतो. मग भाजक शून्याच्याही खाली, म्हणजे ऋण झाला, तर भागाकार अनंताहूनही मोठा व्हायला हवा, असे त्याने प्रतिपादन केले. हे विचित्र वाटते, पण त्यामागे एक चित्र दडले आहे: संख्यारेषा सरळ नसून वर्तुळ आहे आणि धन व ऋण बाजू एकाच अनंताशी जाऊन भेटतात. सुमारे सव्वातीनशे वर्षांनी हेच चित्र इंटेलच्या एका चिपमध्ये पुन्हा दिसले.

आता यंत्रांकडे. कॉनराड त्सूझ हा बर्लिनमधील स्थापत्य अभियंता. आईवडिलांच्या घरातील खोलीत त्याने पहिले गणनयंत्र उभारले. १२ मे १९४१ रोजी त्याने आपले तिसरे यंत्र, झेड-३, जाणकारांना दाखवले. टेलिफोनच्या रिलेंवर चालणाऱ्या या यंत्रात संख्येला २२ बिट होते: एक चिन्हाचा, सात घातांकाचे, चौदा अंकांचे. घातांकाच्या दोन टोकांची मूल्ये त्सूझने राखून ठेवली होती, एक शून्यासाठी आणि दुसरे अनंतासाठी. अनंताशी निगडित क्रियांचे निकाल यंत्राला ठाऊक होते. शून्य भागिले शून्य किंवा अनंत वजा अनंत अशी निरर्थक क्रिया आली, की यंत्र थांबे आणि दिवा लागे. ज्याला अर्थ आहे ते पुढे चालू द्यायचे, ज्याला नाही तिथे माणसाला हाक मारायची, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. १९४३ च्या बाँबहल्ल्यात ते यंत्र नष्ट झाले. आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये पाहायला मिळते ती त्याची प्रतिकृती.

त्सूझचे हे काम बाहेरच्या जगात पोचले नाही आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे प्रत्येक कंपनीने आपापले गणित मांडले. १९६४ च्या सीडीसी ६६०० मध्ये अनंत होते आणि ‘अनिश्चित’ अशी वेगळी खूणही होती. त्याच वर्षी जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मध्ये यांपैकी काहीच नव्हते. तिथे पायाही २ नसून १६ होता. काही यंत्रांवर अशा अतिलहान संख्या असत, की तुलना करताना त्या शून्याहून वेगळ्या ठरत, पण भागाकाराच्या वेळी मात्र यंत्र त्यांना शून्य मानी. ‘हा भाजक शून्य नाही ना?’ असे विचारून, ‘नाही’ असे उत्तर घेऊन पुढे गेलेला माणूस पुढच्याच ओळीत शून्याने भागल्याच्या आरोपाखाली पकडला जाई. यावर जाणत्यांनी तोड काढली: तपासण्यापूर्वी त्या संख्येला १ ने गुणून घ्यावे. मात्र दुसऱ्या एका प्रसिद्ध घराण्याच्या यंत्रांवर १ ने गुणले की संख्येचे शेवटचे अंकच कापले जात. एका गावचा तोडगा दुसऱ्या गावी रोग ठरे.

या गोंधळात लहानाचा मोठा झालेला माणूस म्हणजे विल्यम काहान. जन्म १९३३, टोरांटो. पुढे बर्कलीला प्राध्यापक. १९७६ मध्ये इंटेलच्या जॉन पामर यांनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. इंटेलला एक गणिती चिप काढायची होती. ती लाखांनी विकली जाणार, आणि ती वापरणाऱ्यांत गणिततज्ज्ञ थोडे, सामान्य माणसेच जास्त असणार, म्हणून तिचे गणित शक्य तितके निर्दोष हवे होते. ही बातमी बाहेर फुटली, इतर कंपन्या अस्वस्थ झाल्या, आणि विद्युत अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेने सर्वांसाठी एक प्रमाण ठरवावे म्हणून समिती बसवली. तिचे कामकाज १९७७ मध्ये सुरू झाले. काहान, त्यांचा विद्यार्थी जेरोम कूनेन आणि हॅरल्ड स्टोन यांनी मिळून एक मसुदा मांडला. समोर डेक कंपनीचा, तिच्या व्हॅक्स यंत्रांच्या पद्धतीवर आधारलेला मसुदा होता.

सर्वांत कडाक्याचे भांडण अनंताच्या टोकाला झालेच नाही, ते शून्याच्या टोकाला झाले. संख्या फार लहान झाली तर ती एकदम शून्य मानायची, की अंक गमावत हळूहळू शून्याकडे जाऊ द्यायची? काहान दुसऱ्या पक्षाचे. डेकचे म्हणणे, याने यंत्र मंदावेल आणि लाभ काहीच नाही. अखेर डेकनेच मेरीलँड विद्यापीठातील जी. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट या नामवंत तज्ज्ञाला निवाड्यासाठी नेमले. १९८१ मध्ये त्यांनी समितीपुढे सांगितलेले मत काहान यांच्या बाजूचे निघाले. पदरमोड करून बोलावलेल्या पंचाने विरुद्ध कौल द्यावा आणि तो सर्वांसमक्ष द्यावा, हे दृश्य मी पुष्कळदा मनात रंगवले आहे.

अनंताविषयीचा वाद तुलनेने शांत, पण माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा. अनंत एक की दोन? वॉलिसचे वर्तुळ खरे मानले तर एक, चिन्हविरहित. सरळ रेषा मानली तर दोन: एक धन, एक ऋण. १९८० मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या ८०८७ चिपमध्ये दोन्ही सोयी होत्या. नियंत्रणासाठी राखलेल्या एका बिटाने निवड करता येई आणि न सांगितल्यास चिप वर्तुळ धरून चाले. आपण काही केले नाही तर यंत्राने कोणते विश्व गृहीत धरावे, हे एका बिटावर ठरत होते. १९८५ मध्ये आयट्रिपलई ७५४ या क्रमांकाने प्रमाण मंजूर झाले, तेव्हा त्यात फक्त दोन चिन्हांकित अनंते उरली. इंटेलनेही पुढे ८०३८७ पासून एक-अनंताची सोय काढून टाकली.

आणि मूळ प्रश्न: अनंत उद्भवले की यंत्राने थांबायचे का? प्रमाणाचे उत्तर असे, की वेगळी आज्ञा नसेल तर थांबू नये. उत्तराच्या घरात अनंत लिहावे, बाजूला एक निशाण उभारावे आणि पुढे चालावे. निशाणे एकूण पाच ठरली. त्यांतले एक शून्याने भागल्याचे, एक मर्यादा ओलांडल्याचे.

हे बेफिकीर वाटते, पण तसे नाही. विजेचे दोन रोध समांतर जोडले तर एकूण रोध काढण्यासाठी प्रत्येकाचा व्यस्त घेऊन त्यांची बेरीज करतात आणि त्या बेरजेचा पुन्हा व्यस्त घेतात. एक रोध शून्य असेल तर त्याचा व्यस्त अनंत. अनंतात दुसरा मिळवला तरी अनंत. आणि अनंताचा व्यस्त शून्य. उत्तर बिनचूक आहे: एका बाजूला नुसती तार असली तर एकूण रोध शून्यच. इथे यंत्र मध्येच थांबले असते तर त्याने बरोबर चाललेले गणित मोडले असते.

याच्या उलट उदाहरणही तितकेच सोपे आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ आणि ४ गुणिले १० चा २०० वा घात इतक्या असतील तर कर्ण ५ गुणिले तेवढाच. तो ६४ बिटांत सहज मावतो. पण सूत्राप्रमाणे आधी वर्ग करावे लागतात, त्यांचा घात ४०० वर जातो, यंत्राला ते मावत नाही, आणि कर्ण अनंत येतो. पहिल्या उदाहरणात अनंत खरे होते, दुसऱ्यात खोटे. दोघांचे बिट अगदी एकसारखे. कोणते कोणते, हे यंत्र सांगू शकत नाही. तपासणाऱ्याने ते गणिताकडे पाहून ठरवायचे असते. आणि अनंताने कशाला तरी भागले तर निमूटपणे शून्य उरते, सभ्य दिसणारे, कुणाच्या नजरेत न भरणारे. म्हणूनच शेवटचे उत्तर पाहून भागत नाही. वाटेतही विचारावे लागते.

थांबावे की चालावे, या वादातले सर्वांत महागडे उदाहरण ४ जून १९९६ चे. फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान ५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती; तिथे ३२७६७ च्या वर जागा नाही. संख्या अनंत नव्हती, फक्त घरापेक्षा मोठी होती. सात चलांपैकी चारांना अशा प्रसंगासाठी संरक्षण दिले होते, या चलाला नव्हते; संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून ते वगळले गेले होते. ठरल्याप्रमाणे दिशादर्शक संगणक थांबला. राखीव संगणक त्याआधी निमिषभर याच कारणाने थांबलाच होता, कारण दोघांतही तीच आज्ञावली होती. थांबताना त्याने पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि अग्निबाण वाकडा झाला. सुमारे चाळीस सेकंदांत सारे संपले. आत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की ते गणित उड्डाणापूर्वीच्या जुळणीचे होते. एरियान ४ कडून वारसाहक्काने आलेले. जमीन सोडल्यावर एरियान ५ ला त्याचा काहीही उपयोग नव्हता. झाक-लुई लियॉंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा अहवाल दीड महिन्यातच आला; तो वाचावा असाच आहे. काहान यांनी पुढे या अपघाताचा दाखला आपल्या पक्षासाठी दिला. त्यांचा पक्ष मला पटतो, पण पूर्ण नाही. अग्निबाणाने चुकीची संख्या घेऊन पुढे जावे, हेही प्रत्येक वेळी बरे ठरेल असे नाही.

तर, न थांबता शेरा लिहिण्याची पद्धत रूढ झाली. मग तो वाचण्याची सोय? ती देणे हे प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे काम होते, आणि भाषांनी आश्चर्यकारक दिरंगाई केली. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत ‘ही संख्या अनंत आहे का?’ असे विचारण्याचा शब्दच नव्हता. फार मोठ्या उत्तरासाठी ‘ह्यूज व्हॅल’ नावाचे एक मूल्य होते, पण ते अनंत असेलच अशी हमी नव्हती. ‘इझइन्फ’ आणि ‘इझफायनाइट’ हे प्रश्न सीच्या प्रमाणात आले १९९९ मध्ये, म्हणजे आयट्रिपलईच्या प्रमाणानंतर चौदा वर्षांनी. सी प्लस प्लसमध्ये २०११ साली. सर्वांत वडीलधाऱ्या फोरट्रानने २००३ च्या आवृत्तीत सोय केली.

मधल्या काळात लोक काय करत? युक्त्या. शून्याखेरीज जी संख्या दुप्पट करूनही तीच राहते, ती अनंत. किंवा संख्येतून तीच संख्या वजा करायची: शून्य आले तर ती सान्त, नॅन आला तर ती अनंत अथवा नॅन. किंवा सर्वांत मोठ्या सान्त संख्येशी तुलना. या युक्त्या सुबक आहेत, पण त्याही फसत. ८०८७ आणि तिच्या वंशजांत हिशेब ८० बिटांच्या घरात होई, जिथे घातांकाला १५ बिट आहेत. तिथे तपासले तर संख्या सान्त. तीच संख्या ६४ बिटांच्या स्मृतीत उतरवली की अनंत. विचारल्यावेळी खरे असलेले उत्तर लिहून ठेवल्यावेळी खोटे होई.

जावा १९९६ मध्ये आली ती ‘इझ-इन्फिनिट’ हा प्रश्न जन्मापासून घेऊन. पण प्रमाणातली पाच निशाणे तिने वगळली, आणि १९९८ मध्ये काहान व जोसेफ डार्सी यांनी जावाच्या फ्लोटिंग पॉइंटवर प्रबंधवजा टीका लिहिली. तिच्या शीर्षकातच जावामुळे सर्वांना सर्वत्र इजा होते असे म्हटले होते. पायथनची कहाणी वेगळीच. तिथे अनंत कसे छापले जाईल हे खालच्या सी भाषेच्या मर्जीवर असे. विंडोजवर ते ‘१.#आयएनएफ’ अशा विद्रूप रूपात उमटे. २००३ मध्ये ही व्यवस्था सुधारण्याचा एक रीतसर प्रस्ताव आला आणि तो नाकारला गेला. ‘इझइन्फ’ पायथनच्या गणित-विभागात आले २००८ मध्ये, ‘इझफायनाइट’ २०११ मध्ये. जावास्क्रिप्टमध्ये अनंत आहे, पण ज्या जेसन स्वरूपात आज जगभर माहितीची देवाणघेवाण चालते त्यात अनंताला अक्षरच नाही. जावास्क्रिप्ट ते पाठवताना तिथे ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’, असे लिहून टाकते. एका टोकाने ‘मोजता न येण्याइतके’ लिहून पाठवावे आणि दुसऱ्या टोकाला ‘काहीच नाही’ पोचावे, हे दफ्तरखान्यात काम केलेल्या कोणालाही अपरिचित नसेल.

अजून एक गोष्ट, जी समजली तेव्हा मला खरोखर अस्वस्थ वाटले. सीच्या प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी या कंपायलरला ‘फास्ट-मॅथ’ अशी सूचना देता येते. वेग वाढतो, म्हणून अनेकजण ती देतात. तिच्या पोटात एक गृहीतक आहे: या प्रोग्रॅममध्ये अनंत आणि नॅन कधी येणारच नाहीत. मग कंपायलर तर्कशुद्धपणे वागतो. अनंत नाहीच, तर ‘हे अनंत आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘नाही’. तेव्हा तो प्रश्नच पुसून टाकतो. वजाबाकीची युक्तीही तशीच मरते. संख्येतून तीच संख्या गेली की शून्य, असे तो धरून चालतो. अनंत मात्र यंत्रात पूर्वीसारखेच उद्भवत राहते. लिहिलेल्या प्रोग्रॅमकडे पाहिले तर पहारेकरी जागेवर दिसतो. चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो नसतो. नियमपुस्तकावरून प्रत्यक्ष कारभार ताडू नये, असे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. ते इथे आठवेल असे वाटले नव्हते.

आता ज्वारीकडे परत येते. सरासरी अनंत दिसल्यावर माझा पहिला विचार लाजिरवाणा होता: तीन घरे पुसून टाकावीत आणि उरलेल्या एकवीसांची सरासरी घ्यावी. आकडा छान आला असता. पण आपण शून्य का लिहिले होते, हेच आठवेना. म्हणून मूळ नोंदींची छायाचित्रे पुन्हा उघडली.

दोन ठिकाणी आकड्याच्या जागी आडवी रेघ होती. त्या पंधरवड्यांचे बाकी धान्यांचेही रकाने तसेच. नोंदच झाली नव्हती. ती दोन शून्ये माझी, घाईतली. तिथे मी घर रिकामे केले.

तिसऱ्या ठिकाणी रेघ नव्हती. तांदूळ, गहू, डाळ यांचे आकडे नीट लिहिलेले होते, ज्वारीसमोर स्पष्ट, गोल शून्य होते आणि शेऱ्याच्या रकान्यात मोडीत चार शब्द: ज्वारी पेठेत आली नाही. रुपयाला शून्य शेर. त्या पंधरवड्यात त्या पेठेत कितीही रुपये दिले तरी ज्वारी मिळत नव्हती, आणि कारकुनाने ते त्याच्याकडे असलेल्या एकमेव रीतीने लिहून ठेवले होते.

प्रबंधातल्या तक्त्यात सरासरी आता तेवीस नव्हे, बावीसही नव्हे, एकवीस पंधरवड्यांची आहे, आणि तसे तिथे म्हटले आहे. त्या एका घरात मात्र मी ‘अनंत’ तसेच ठेवले आहे आणि खाली कारकुनाचा शेरा दिला आहे. मार्गदर्शकांनी त्याच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून पाठवले आहे. सोमवारी भेटायचे आहे.